नाकारलेली द्राक्षं चोरेल कोण?

अन्याय कोणावर झाला ते आधी सांगते, बाकीचं मागून. नागपूरहून अमेरिकेत आलेले, वॉशिंग्टन राज्यातल्या बॉथेलमध्ये वीसेक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये घासलेले एक काका, आणि त्यांच्या बरोबरीनं घासलेल्या काकू. कधी झाला तेही सांगते. मी वर्दी उतरवली त्याच्या आदल्या वर्षी, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधीच्या बुधवारी सकाळी, आमच्या शेरीफ ऑफिसच्या मागच्या खोलीत. माझ्या सार्जंटनं काकांसमोर खुर्ची ओढली आणि विचारलं, "द्राक्षं कोणाला विकलीत?" तो प्रश्न मी अजून विसरलेली नाही.

मी तेव्हा डेप्युटी होते. आई सगळ्यांना सांगते की मुलगी पोलिसातून रिटायर झाली. पस्तिशीत कोणी रिटायर होत नाही, मी नोकरी सोडली. आता छोट्या द्राक्ष बागायतदारांसाठी पत्रकं लिहिते, सभा घेते, आमदारांच्या दारात उभी राहते. पोलिसात जाण्याआधी कॉलेजात जातिभेदाविरुद्ध पत्रकं लिहायचे. म्हणजे मधली वर्षं सोडली तर धंदा एकच. ही केस त्या मधल्या वर्षांतली. नावं कोणाचीच देणार नाही. कंपनीचंही नाही, कारण तिच्याकडे वकील जास्त आहेत आणि माझ्याकडे वेळ कमी.

आधी ते खोरं डोळ्यांसमोर आणा. बॉथेलहून पूर्वेला निघालात, कॅस्केडचे डोंगर ओलांडलेत, की पाऊस मागे राहतो आणि कोरडे, उघडे माळ लागतात. तिथे पाणी देऊन द्राक्षं पिकवतात. अमेरिकेतली चांगली वाईन इथली, असं पाट्यांवर लिहिलेलं असतं. त्या वर्षी मात्र त्याच पाट्यांखाली पुठ्ठ्यावर दुसरं काही लिहिलेलं दिसायचं: ‘फुकट. स्वतः तोडून न्या.’ या देशात लोक वाईन कमी प्यायला लागलेत. तरुण मंडळी तर दुसरंच काहीतरी पितात किंवा काहीच पीत नाहीत. शिवाय बाहेरच्या देशांतून स्वस्त वाईन टँकर भरभरून येते. गेल्या वर्षीची वाईन टाक्यांत तशीच पडून, नवी ओतायची कुठे? मग कंपन्यांनी बागायतदारांचे करार मोडायला सुरुवात केली. रस्त्याच्या कडेला उपटलेल्या वेलींचे ढीग. सकाळच्या ब्रीफिंगला आमच्यापुढे येणाऱ्या तक्रारीसुद्धा बदलल्या होत्या. अमक्यानं वेली पेटवल्या, तमक्याच्या सोडलेल्या मळ्यात कोणी तंबू ठोकला.

करार मोडायला कारण लागतं. सगळ्यात सोयीचं कारण धूर. उन्हाळ्यात डोंगरात वणवे लागतात, धूर खोऱ्यात उतरतो, द्राक्षात मुरतो आणि वाईनला राख चाटल्यासारखी चव येते. हे खोटं नाही, असं होतं. पण कोणाच्या द्राक्षात मुरला हे ठरवतं कोण? घेणारी कंपनी. तिचाच माणूस येतो, तिच्याच पिशवीत घड भरतो, तिच्याच लॅबमध्ये नेतो. शेतकऱ्याला फक्त निकाल कळतो. आणि ज्या वर्षी कंपनीच्या टाक्या भरलेल्या असतात, बरोबर त्याच वर्षी धूर जास्त मुरतो.

काकांचं फळ असंच नाकारलं गेलं. लेऑफ झाल्यावर त्यांनी साठवलेलं सगळं घालून हा छोटा मळा घेतला होता. बॉथेलच्या आपल्या बौद्ध मंडळींनी त्यांना कमी छळलं नव्हतं. बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू पिणार नाही असं म्हणता आणि वाईनची द्राक्षं लावता होय, असं एकानं वंदनेनंतर सगळ्यांसमोर विचारलं होतं. काकू म्हणाल्या होत्या, "प्रतिज्ञा पिण्याची हाये भाऊ, पिकवण्याची नाही. तुम्ही बँकेचं सॉफ्टवेअर लिहिता, म्हणून काय बँक तुमची झाली?"

तर खबर. मंगळवारी दुपारी डिस्पॅचला निनावी फोन आला. पुरुषाचा आवाज, घाईतला. त्या इंडियन माणसानं नाकारलेली द्राक्षं गुपचूप विकून टाकली आहेत, मळा रिकामा आहे, आणि आता तो विम्याचे पैसेही घेणार आहे. तासाभरानं काकांचाच फोन आला. माझी द्राक्षं चोरीला गेली.

सार्जंट इतका हसला की त्याची कॉफी सांडली. "या वर्षी? या खोऱ्यात? द्राक्षं चोरीला?" मग तो गंभीर झाला. विम्याचा नियम असा की नाकारलेलं पीक वेलीवर असतानाच विम्याच्या माणसानं येऊन बघायचं. तो माणूस बुधवारी दुपारी येणार होता. पीक मंगळवारी नाहीसं. विमा तर गेलाच, वर फसवणुकीचा गुन्हा. तो सिद्ध झाला असता तर मळा गेला असता, आणि आयुष्यात कधी सिग्नलसुद्धा न तोडलेला माणूस गुन्हेगार ठरला असता.

"तुझेच लोक आहेत," सार्जंट मला म्हणाला. "तू बस माझ्यासोबत."

तुझेच लोक. हे दोन शब्द मी वर्दीत असताना किती वेळा गिळले ते सांगत बसत नाही.

बुधवारचा तो जबाब मी लिहिला. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, जणू क्लायंटची मीटिंग आहे.

"सोमवारी संध्याकाळी द्राक्षं होती?" सार्जंटनं विचारलं.

"होती. टाइमलाइन सांगतो ना. सोमवारी चार वाजता मी शेवटची राउंड मारली. मग आम्ही बॉथेलला गेलो. मिसेसला सामान आणायचं होतं. इंडियन स्टोअरमध्ये ज्वारीचं पीठ संपलं होतं, म्हणून दुसऱ्या स्टोअरला गेलो. तिथे पार्किंग नव्हतं..."

"मिस्टर, पिठाचं मला नको."

"नाही, मी कम्प्लीट पिक्चर देतोय."

"रात्री कुठे होतात?"

"मुलीकडे. ती म्हणाली राहा, सकाळी जा. सकाळी निघालो तर घाटात ट्रॅफिक. त्यात मिसेस म्हणाली की ज्वारीपेक्षा..."

सार्जंटनं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून लिहीत राहिले. त्या क्षणी माझी खात्री पटली होती. खोटं बोलणारा माणूस गोष्ट धुऊन-पुसून आणतो. खरं बोलणाऱ्याच्या गोष्टीत कचरा असतो: पार्किंग, पीठ, बायकोचं बोलणं. पण माझ्या खात्रीला केस फाइलमध्ये रकाना नसतो.

"तुमच्यावर कोणाचा राग आहे?" मी मराठीत विचारलं.

"इंग्लिश," सार्जंट म्हणाला.

"राग कशाला असेल," काका मराठीतच म्हणाले. "राग यायला आधी लोकांना आपण दिसावं लागतं गं."

सार्जंटला त्याचं भाषांतर करून दिलं. पुढचा प्रश्न त्यानं खालच्या आवाजात विचारला.

मी मळ्यावर गेले. काकू दारातच उभ्या होत्या.

"काहून वो पोरी, तुझा साहेब आम्हाले चोर समजून राहिला का?"

"काकू, साहेब सगळ्यांनाच चोर समजतो. मलासुद्धा."

"मंग चहा घे. चोरांचा चहा चांगला असते."

चहा झाल्यावर मी वेली बघत फिरले. द्राक्षं नव्हती, पण घडांचे हिरवे देठ वेलींवर तसेच लोंबत होते. हातानं तोडणी झाली असती तर घड देठासकट कापला गेला असता. देठ मागे राहतात ते यंत्रानं तोडल्यावर. मोठं, उंच यंत्र असतं ते, ओळीवर पाय फाकून चालतं आणि वेल हलवून नुसते मणी पाडून घेतं. असं यंत्र कोणी काखेत मारून पळत नाही. ते रस्त्यावर आलं की मागे गाड्यांची रांग लागते आणि आमच्याकडे तक्रारी येतात. आणि त्या आठवड्यात रस्त्याची एकही तक्रार नव्हती. म्हणजे यंत्र रस्त्यावर आलंच नव्हतं. शेजारच्या मळ्यातूनच आलं होतं.

शेजारचा मळा कंपनीचा. तीच कंपनी. मध्ये कुंपण नाही, नुसती मातीची वाट.

ओळींच्या टोकाला, पहिल्या खांबांवर, काकूंनी निळ्या कापडाच्या पट्ट्या बांधल्या होत्या. घरावर पंचशील ध्वज, गेटवर निळा झेंडा. शनिवारी बॉथेलची मंडळी धम्मचक्र दिनासाठी येणार होती.

"सगळ्या ओळींना बांधल्या?" मी विचारलं.

"रविवारी बसून बांधल्या. सत्तर मीटर कापड आणलं होतं ह्यांनी ऑनलाइन, चुकून. सात पाहिजे होतं. म्हटलं, पीक तं कंपनीनं नाकारलंच, दिवस तरी साजरा करू."

मी हसले, कापड छान आहे म्हणाले आणि निघाले. निळा रंग मला आमच्याच घरच्या भिंतीइतका ओळखीचा. त्यात मला शोधण्यासारखं काही दिसलं नाही.

यंत्राचा ड्रायव्हर ठेकेदाराचा माणूस होता, कितीतरी हंगाम याच खोऱ्यात काढलेला. गुरुवारी तो ऑफिसला आला तो टोपी हातात धरूनच. त्याच्यासोबत त्याची बायको आली होती आणि ती सार्जंटकडे असं बघत होती की सार्जंटनं तिला स्वतःची खुर्ची दिली.

"मंगळवारी पहाटे कुठे होतास?" मी विचारलं.

"कंपनीच्या कोपऱ्यावरच्या मळ्यात. तोडणी."

"वाट ओलांडून पलीकडे गेलास?"

"गेलो. तोडायच्या ओळींचा ब्लॉक पलीकडे पण होता ना."

"कोणी सांगितलं होता म्हणून?"

तो गोंधळला. "कोणी सांगायला कशाला पाहिजे? निळी पट्टी होती."

मी पेन खाली ठेवलं.

"आमचं असंच असतं," तो समजावू लागला. "लाल पट्टी, थांबा. पिवळी, औषध मारलंय. निळी, आज तोडा. कंपनीच्या ओळींना निळी, पलीकडच्या ओळींनाही निळी. आणि पलीकडे तर इतकी छान बांधलेली, प्रत्येक खांबाला, गाठ मारून. मी पोरांना म्हटलं, बघा, याला म्हणतात काम. शिवाय गेटला मोठा निळा झेंडा. मला वाटलं, साहेब स्वतः येणार असतील बघायला."

त्याची बायको म्हणाली, "मी म्हटलं होतं ना तुला, एवढं नीटनेटकं कंपनी करत नाही."

मला हसू आवरेना. पोलीस ठाण्यात जबाब घेताना हसू नये हे अकॅडमीत शिकवतात. मी खोकल्याचं नाटक करून बाहेर गेले, पाणी प्यायले आणि परत आले तर सार्जंटही भिंतीकडे तोंड करून उभा होता, त्याचे खांदे हलत होते. मळ्यावरून परतल्यावर मी त्याला धम्मचक्र, निळा रंग, बाबासाहेब, सगळं दोन मिनिटांत सांगितलं होतं. ते त्याला किती कळलं माहीत नाही, पण सत्तर मीटर कापड नक्की कळलं.

मग मी शेवटचा प्रश्न विचारला. "ते फळ कुठे गेलं?"

"त्या दिवसाचं सगळं एकत्र. कंपनीच्या वाइनरीत, एकाच टाकीत."

आता इथे थांबून विचार करा. चोरी झालीच नव्हती. काका सुटले. सार्जंट फाइल बंद करायला निघालाच होता. मी म्हटलं, नाही. फळात धूर आहे म्हणून कंपनीनं या माणसाला घालवलं. तेच फळ तिच्या टाकीत आहे आणि तिला ते माहीत नाही. आधी मला जाऊन विचारू दे, ती टाकी कशी आहे.

सार्जंटनं फाइल परत उघडली. "बॉडी कॅमेरा चालू ठेव," तो म्हणाला. त्याची हीच माफी असते.

शुक्रवारी आम्ही वाइनरीत गेलो. वाईन बनवणारा मुख्य माणूस उत्साही, हात जांभळे, बोलायला मोकळा. मी त्याला आधीच सांगितलं की रेकॉर्डिंग चालू आहे, शेजारच्या मळ्यातून पीक गेल्याची तक्रार आहे आणि मंगळवारच्या मालाबद्दल विचारायचंय. त्यानं आनंदानं टाकी दाखवली.

"यंदाचं सगळ्यात चांगलं फळ," तो म्हणाला. "कोपऱ्यावरचा ब्लॉक. अंदाजापेक्षा दुप्पट निघालं, आम्हीच चकित झालो. अजून आंबतंय, पण चाखून बघा."

"मी पीत नाही."

"ड्युटीवर म्हणून?"

"नाही. तशीही नाही. तुम्हीच सांगा, कसं आहे."

वाईनवाल्याला हे विचारणं म्हणजे आमच्याकडे एखाद्या काकूंना मुलाच्या ग्रॅज्युएशनबद्दल विचारण्यासारखं. तो सुरू झाला. जांभूळ, काळी मिरी, पावसानंतरची माती, काय काय.

"आणि धूर?" मी विचारलं.

"छे. यंदा प्रत्येक टाकी तपासतो आम्ही. ही एकदम स्वच्छ. धुराचा लवलेश नाही."

"तपासणी कोणी केली?"

"आमच्याच लॅबनं. खोऱ्यातली सगळ्यात कडक लॅब आहे."

"म्हणजे ज्या फळापासून ही झाली, त्यात धूर नव्हता. असं तुम्ही खात्रीनं म्हणता?"

"लिहून देतो हवं तर."

"लिहून नको. कॅमेरा चालू आहे." मग मी त्याला सांगितलं की या टाकीतलं निम्मं फळ मातीच्या वाटेपलीकडचं आहे. कोणाचं ते सांगितलं. तुमच्याच लॅबनं महिन्यापूर्वी त्याबद्दल काय म्हटलं होतं तेही सांगितलं.

त्यानं टाकीचा नळ घट्ट बंद केला. मग म्हणाला, "महिन्यापूर्वी माझ्या टाक्या भरल्या होत्या. नमुने कोण तपासतं ते मला विचारू नका. मी फक्त वाईन बनवतो." त्याच्यामागे कंपनीचा बागायतदारांशी बोलणी करणारा माणूस उभा होता. तो तोंड उघडून काही म्हणाला आणि डिस्पॅचच्या रेकॉर्डिंगवर ऐकलेला निनावी आवाज मी तिथेच ओळखला. रिकामा मळा बघून यानंच काकांवर पोलीस घातले होते, आणि पीक याच्याच टाकीत होतं.

त्यात आणखी एक मजा होती. ती वाईन त्यांना ‘फक्त आमच्या स्वतःच्या मळ्यातली’ असं छापून महाग विकायची होती. आता तसं छापता येईना. सरकारी वकिलांनी फाइल बघून गुन्हा घडलेला नाही असा शेरा मारला. कंपनीचे वकील मात्र काकांच्या स्वयंपाकघरात येऊन बसले. करार पुढच्या हंगामांसकट जिवंत झाला. कुठे बोलणार नाही असं लिहून द्या, अशी एक अट होती. काकू म्हणाल्या, "ते नाही होणार. मले बोलल्याशिवाय जेवण जात नाही." अट निघाली. म्हणूनच हे मी इथे लिहू शकतेय.

वकील आले ते पुढच्या आठवड्यात. शनिवार त्याच्या आधीच उजाडला होता आणि तो मी कधी विसरणार नाही. डोंगरापलीकडून गाड्या आल्या, बॉथेलच्या, काही तर थेट पोर्टलंडहून. वंदना झाली. बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला. मुलं इंग्रजीत भांडत रिकाम्या ओळींतून पळत होती. प्रतिज्ञांवरून टोमणा मारणारे गृहस्थ सकाळपासून खुर्च्या लावत होते. ड्रायव्हर आणि त्याची बायको आले. त्यानं काकांचा हात धरला आणि सॉरी म्हणायला लागला, तर काका म्हणाले, "अरे यार, तू नसतास तर मी मेलो असतो." सार्जंट साध्या कपड्यांत आला, वांग्याचं भरीत खाल्लं, डोळ्यांतून पाणी काढलं आणि पुन्हा वाढून घेतलं. काकूंनी त्याला विचारलं, अजून चोर समजता का. मी भाषांतर केलं. तो म्हणाला, "आता फक्त सुगरण समजतो." काकूंना ते भाषांतराशिवाय कळलं.

या केसनं मला काय शिकवलं? पोलीस म्हणून हे, की गुन्हा कुठे आहे ते बघताना तक्रार कशाची आहे एवढंच बघू नये. आम्ही द्राक्षं कोणी नेली हे शोधत होतो. खरी लूट त्याच्या महिनाभर आधी झाली होती, दिवसाढवळ्या, कंपनीच्या पिशवीत नमुना भरून, आणि त्याला कोणताच कायदा आडवा येत नव्हता. म्हणून मी वर्दी उतरवली. काकांना न्याय मिळाला तो काकांच्या हातून एक शून्य जास्त पडलं म्हणून. सत्तर मीटर कापड प्रत्येकाच्या घरी नसतं. त्याच हंगामात त्याच खोऱ्यात आणखी कितीतरी जणांना तोच निकाल मिळाला, त्यांच्या वेली उपटल्या गेल्या आणि त्यांचं फळ खरं कसं होतं हे आता कोणालाच कळणार नाही.

तेव्हा वाचून झालं असेल तर हे करा. तुम्ही वॉशिंग्टनमध्ये राहता, मतदान करता, टॅक्स भरता. तुमच्या भागाच्या आमदाराच्या ऑफिसला फोन लावा. सांगा, द्राक्षाचा नमुना शेतकऱ्यासमोर घ्या, त्याचे दोन भाग करा, एक शेतकऱ्याकडे सीलबंद ठेवा आणि तपासणी तिसऱ्या लॅबकडून करा, असा कायदा आम्हाला हवा आहे. मतदानाचा हक्क नसेल, व्हिसावर असाल, तरी फोन करा. फोन उचलणारा व्हिसा विचारत नाही. तो "नोंद घेतो" म्हणेल. कुठल्या तारखेपर्यंत उत्तर देणार ते विचारा, त्याचं नाव लिहून घ्या आणि त्या तारखेला पुन्हा फोन करा.